उकड गरम, सारण गार

नमस्कार श्रोतेहो. पोर्तुगालमध्ये चार मित्र जमले की जेवणाआधी टेबलावर पेतीश्कुश येतात, म्हणजे वाइन किंवा बिअरबरोबर मधोमध ठेवून सगळ्यांनी मिळून खायचे छोटे पदार्थ. त्यात खारवलेल्या कॉड माशाच्या वड्यांचं नाव मोठं. पण तो मासा आपल्याकडे सहजी मिळत नाही, मिळालाच तर दिवसभर पाणी बदलत भिजवावा लागतो. म्हणून आज कोळंबीचे रिसॉइश. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतून ते आजही होतात. दिसायला करंजी, पारी मात्र उकडीची. मोदकाची उकड ज्यांना जमते, त्यांचं निम्मं काम झालेलंच आहे.

सारण आदल्या रात्रीच करा. सालासकट ४०० ग्रॅम कोळंबी सोला, काळा दोरा काढा. सालं आणि डोकी टाकू नका, सगळी चव त्यांतच असते. ती थोड्या तेलात लाल होईपर्यंत परता, दीड कप पाण्यात १५ मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. आता ३० ग्रॅम लोण्यावर एक बारीक चिरलेला कांदा मऊ करा, ३० ग्रॅम मैदा घालून दोन मिनिटं परता. मग कोळंबीचं पाणी अर्धा कप आणि दूध अर्धा कप, थोडं थोडं घालत घोटा. चमचा फिरवला की कढईचा तळ क्षणभर दिसला पाहिजे. चिरलेली कोळंबी घालून दोन-तीन मिनिटंच शिजवा, जास्त शिजली की रबर होते. मीठ, मिरपूड, चिमूटभर जायफळ, लिंबाचा रस आणि पार्सली. कोथिंबीर चालेल, पोर्तुगालच्या दक्षिणेत ती सर्रास वापरतात. हे सारण फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या. कोमट सारण भरलं तर पारी ओली होते आणि तेलात फुटते. रिसॉइश बिघडतात ते बहुतेक इथेच.

पारीसाठी दीड कप पाणी, दोन मोठे चमचे लोणी, अर्धा चमचा मीठ आणि लिंबाच्या सालीची एक पट्टी उकळा. साल काढून टाका, आच मंद करा आणि दीड कप मैदा एकदम ओता. हो, एकदम. थोडा थोडा घातला तर गुठळ्या होतात. गोळा कडा सोडेपर्यंत ढवळा आणि हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळून घ्या. गार झाल्यावर मळायला घेतलं तर चिरा पडतात. झाकून १५ मिनिटं ठेवा.

दोन-तीन मिलिमीटर जाडीची पोळी लाटा, आठ सेंटिमीटर व्यासाच्या वाटीनं पुऱ्या पाडा. एक चमचा सारण, घडी आणि बोटांनी हवा बाहेर ढकलत कडा दाबायच्या. आत हवा राहिली की तळताना ती फुगते आणि शिवण उघडते. साधारण पंचवीस होतील. फेटलेल्या अंड्यात बुडवा, बारीक ब्रेडक्रम्समध्ये घोळवा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे चुरा तेलात सुटत नाही.

तेल १७५ ते १८० अंश. थर्मामीटर नसेल तर पावाचा छोटा तुकडा टाकून पाहा, पाऊण मिनिटात बदामी झाला पाहिजे. एका वेळी चार-पाचच सोडा. आतलं सगळं शिजलेलंच आहे, फक्त रंग हवा, तीन मिनिटं पुरतात. कोमट झाले तरी रिसॉइश चांगलेच लागतात, त्यामुळे पाहुणे यायच्या आधी तळून ठेवता येतात.

शाकाहारी मित्र अंडं खात असतील तर त्यांच्यासाठी पेशीन्युश दा ओर्ता, म्हणजे ‘परसातली मासोळी’. आहे मात्र फरसबी! जपानी तेंपुराचं मूळ सोळाव्या शतकात तिकडे गेलेल्या पोर्तुगीजांच्या अशाच तळणीत मानतात. पाव किलो अख्खी फरसबी शिरा काढून मिठाच्या पाण्यात चार मिनिटं उकडा, गार पाण्यात टाका आणि फडक्यानं अगदी कोरडी करा. ओलसर राहिली तर पीठ घसरून तेलात वेगळंच तळतं. १०० ग्रॅम मैदा, एक अंडं, अर्धा कप गार पाणी, मीठ, मिरपूड. सोडा नको, ही भजी नव्हेत. दोन-तीन शेंगा एकत्र धरून बुडवा आणि तळा. या मात्र पाच मिनिटांत मऊ पडतात, म्हणून मंडळी बसल्यावरच कढई चढवा आणि घाणा निघेल तसा वाढत राहा.