गटार, लाइट आणि डीपीचा नकाशा

बसा बसा, मागं उभे आहेत ते दादा पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत, पुढच्या रांगेत बसलं म्हणून कोणी वर्गणी मागत नाही.

तर निवडणुका होऊन गेल्या. नगरपालिकांच्या डिसेंबर २०२५ मधे, जळगाव-धुळे महापालिकांची १५ जानेवारी २०२६ ला. गुलाल पण धुवून झाला. मग आत्ता नगरसेवक व्हायचं हे व्याख्यान कशाला, असं एकाने फोनवर विचारलं. अहो आत्ताच तर वेळ आहे. निवडणूक लागली की तिकीट कोणाला आणि पॅनल कोणाचं यापलीकडे कोणी काही ऐकत नाही, आणि ज्याला खरंच उभं राहायचं असतं त्याची कागदं तेव्हा तयार नसतात. माझी सगळी नोकरी एका नगरपालिकेत नगररचनेच्या टेबलावर गेली, कोणत्या ते सोडा, त्या खुर्चीवरून मी नगरसेवक येताना आणि जाताना बघितले. आणि मला जे दिसलं ते एवढंच, की फॉर्म भरणं जेवढं अवघड वाटतं तेवढं नाही, पण निवडून आल्यावर नव्वद टक्के लोक गटार आणि लाइटच्या पुढं जातच नाहीत कारण शहराच्या विकास योजनेच्या, म्हणजे डीपीच्या, नकाशाच्या खोलीत त्यांना कोणी नेलेलं नसतं.

आधी फॉर्मचं उरकू. वय २१ पूर्ण पाहिजे आणि त्या पालिकेच्या मतदार यादीत नाव पाहिजे, मग ते कुठल्या का प्रभागात असेना, दुसऱ्या प्रभागातून उभं राहता येतं. शिक्षणाची अट नाही. हे ऐकून दरवेळी कोणीतरी हसतं, पण मी चौथी शिकलेली एक नगरसेविका बघितलीय जी बजेटची बेरीज तोंडी करायची, आणि इंजिनियर पण बघितलेत, जाऊ द्या. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं नसावं. पालिकेचा कर थकलेला नसावा. घरात संडास पाहिजे. पालिकेच्या ठेक्यात तुमचा आडून पण हिस्सा नको, म्हणजे साल्याच्या नावाने ठेका आणि बिल तुमच्या खात्यात असं चालत नाही (चालतं, पण कोणी तक्रार केली की पद जातं). आणि एक गोष्ट लोकांना माहीतच नसते, अनधिकृत बांधकाम. तुमचं स्वतःचं नाही, नवऱ्याचं किंवा बायकोचं असलं तरी. नवऱ्याने परवानगी न घेता वरचा मजला चढवला आणि घरात निवडून आलेली बाई अपात्र ठरली, असं होऊ शकतं. म्हणून ताई, उभं राहायचा विचार असेल तर आधी घरची बांधकाम परवानगी शोधा, ती लोखंडी कपाटात कुठंतरी असेल, नसेल तर आत्ता पाच वर्षं हातात आहेत, नियमित होत असेल तर करून घ्या.

आता ज्या कागदावर सगळ्यात जास्त माणसं अडतात तो म्हणजे जात पडताळणी. राखीव जागेवरून लढलात की व्हॅलिडिटी म्हणजे पडताळणीचं सर्टिफिकेट लागतं, नसेल तर अर्ज केल्याचा पुरावा आणि नंतर ठरलेल्या मुदतीत सर्टिफिकेट, नाही दिलं तर निवडून आलेली जागा रद्द. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा जातीचा आणि इथल्या वास्तव्याचा पुरावा. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची (गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, असलं काहीतरी. आणि बायकांना हे सगळं माहेरचं लागतं, कारण जात बापाकडून. आता आपल्या खान्देशात काय आहे, अर्ध्या सोयरिकी सुरत, बऱ्हाणपूर, सेंधव्याकडं. मूळ मध्य प्रदेशच्या घरातली मुलगी इथं सून म्हणून आली तर तिथल्या दाखल्यावर इथं राखीव जागा लढवता येत नाही, मग ती जात दोन्हीकडं एकच का असेना. सुरतला कामाला गेलेल्या आपल्याच माणसाच्या मुलीचं वेगळं, तिचा आजा शिंदखेड्याचा किंवा पारोळ्याचा असेल तर त्याच्या गावच्या शाळेतून दाखला काढता येतो. पण तो काढायला दोन चकरा तरी होतात, रजिस्टर कसरीने खाल्लेलं असतं, हेडमास्तर ट्रेनिंगला गेलेले असतात. हे काम फॉर्म भरायच्या आठ दिवस आधी होत नाही भो.

जागा अर्ध्या बायकांच्या आहेत. २०११ पासून ५० टक्के. जळगावच्या ७५ पैकी ३८, धुळ्याच्या ७४ पैकी ३७. मग सभागृहात अर्धे प्रश्न बायका विचारतात का, नाही, कारण फाइल नवरा नाही तर दीर बघतो आणि ताई सहीला येतात. यात मी ताईंना दोष देत नाही. आपणच सभेची वेळ अशी ठेवतो की पोरांची शाळा सुटायची आणि सभा रंगात यायची, आणि मग म्हणतो त्या बोलत नाहीत.

प्रभागाचं पण समजून घ्या. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून आत्ताचे प्रभाग २०११ च्या आकड्यांवर पडलेत. त्या वेळी जळगाव ४ लाख ६० हजार होतं, ७५ ने भागलं की एका नगरसेवकामागं साधारण सहा हजार माणूस, पण महापालिकेत प्रभाग चार-चार जणांचा, म्हणजे उमेदवाराने फिरायचं चोवीस-पंचवीस हजारांत. ज्याच्याकडं गाडी, पोरं आणि पैसा नाही तो इथंच निम्मा गळतो. आणि २०११ नंतर ज्या नव्या कॉलन्या उभ्या राहिल्या त्यांची माणसं या हिशोबात नाहीतच. त्यांची मतं आहेत, पण प्रभाग आखताना ती मोजली नाहीत. प्रभाग रचनेचा मसुदा निघतो तेव्हा हरकती मागवतात, त्या हरकती टाकायला कोण येतं माहितीये का, ज्याचा प्रभाग फुटला तो माजी नगरसेवक. नवीन माणूस एक येत नाही.

धुळ्याच्या हद्दवाढीत वलवाडी, अवधान अशी गावं आत आली. जळगावजवळ नशिराबादची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाली. लोकांना वाटलं रस्ते होतील, नळ येतील. पण एक गोष्ट गेली ती कोणाच्या लक्षात नाही आली, ग्रामसभा. गावात कसं, कोणीही म्हातारा उठून सरपंचाला विचारू शकत होता, आमनी गल्लीमा पानी येस नही भो, काय करी राह्यनात तुम्ही. शहरात तुम्ही सभागृहाच्या गॅलरीत गप बसायचं, तिथं बोलायचा हक्क फक्त नगरसेवकाला. २००९ ला कायद्यात क्षेत्र सभा आणली होती, शहरातली ग्रामसभाच म्हणा, पण तुमच्यापैकी कोणी क्षेत्र सभेला गेलंय का, हात वर करा. बघा. एक पण नाही.

मग मधली प्रशासकाची वर्षं. घटना म्हणते पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक घ्या, आणि आपल्याकडं बऱ्याच नगरपालिकांत २०२१ च्या शेवटाला मुदत संपली ती निवडणूक झाली २०२५ ला. जळगाव-धुळ्यात २०२३ पासून प्रशासक. ओबीसी आरक्षणाचा निकाल सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२१ ला दिला, त्याचा फटका धुळे-नंदुरबार झेडपीला आधी बसला, सदस्यांच्या जागा गेल्या, ऑक्टोबर २०२१ ला पोटनिवडणुका झाल्या, मग ट्रिपल टेस्ट, म्हणजे ओबीसी आरक्षणाआधी पाळायच्या कोर्टाच्या तीन अटी, मग त्यासाठी आकडेवारी काढणारा बांठिया आयोग, मग ६ मे २०२५ ला कोर्टाने सांगितलं आता घ्या निवडणुका. या मधल्या काळात लोक म्हणायचे, बरं आहे की, साहेब एकटे ठराव करतात, भानगड नाही. बरं कसं असेल? जिल्हा नियोजन समिती, आपण अजून डीपीडीसीच म्हणतो, तिच्यात पाचपैकी चार भाग सदस्य हे झेडपी आणि पालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायला पाहिजेत असं घटनेत लिहिलंय. निवडून आलेले कोणी नाहीतच, तर जिल्ह्याचं नियोजन कोणी केलं, पालकमंत्री आणि अधिकाऱ्यांनी.

आता नकाशा. ज्याच्यासाठी मी आलो.

शहराची विकास योजना म्हणजे डीपी साधारण वीस वर्षांची असते. १९६६ चा नगररचना कायदा, त्यात प्रारूप योजना छापली की हरकतींना तीस दिवस. नकाशा ऑफिसात भिंतीवर लागतो, पिवळा म्हणजे रहिवासी, हिरव्यात शेती, मधे मधे आरक्षणं, शाळा, बाग, दवाखाना, भाजी मार्केट. त्या तीस दिवसांत ऑफिसात जत्रा असते, पण सगळे जमीनमालक आणि त्यांचे वकील, माझी जमीन बागेतून काढा, माझा रस्ता नऊ मीटरचा करा. बागेत खेळणारी पोरं ज्यांची आहेत ते कोणी येत नाही, त्यांना माहीतच नसतं की शेजारच्या पडीक जिनिंग मिलच्या जागेवर आपल्यासाठी बाग लिहिलेली आहे. हरकती ऐकायला जी नियोजन समिती बसते तिच्यात तीन जण स्थायी समितीचे, म्हणजे नगरसेवक. शहराचं पुढच्या वीस वर्षांचं चित्र ठरवायची खुर्ची ती, आणि त्या खुर्चीवर बसायला माणसं भांडत नाहीत, बांधकाम सभापती व्हायला भांडतात.

आणि आरक्षण टाकलं म्हणजे बाग झाली असं नाही. योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेने जागा घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो. त्या नोटिशीपासून २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपलं, जमीन मोकळी. नोटीस आवक-जावकला येते, शिक्का बसतो, फाइल इकडून तिकडं फिरते, पैसे नाहीत असा शेरा पडतो, २४ महिने बघता बघता जातात. त्या काळात एका तरी नगरसेवकाने सभेत उठून विचारलं पाहिजे की १२७ च्या किती नोटिसा आल्यात आणि कोणत्या तारखेला मुदत संपते. एवढा एकच प्रश्न. माझ्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न विचारणारी एक बाई भेटली, शिवणकाम करायच्या त्या, अपक्ष, आणि त्यांनी विचारल्यावर सभागृहात जे शांत झालं ना, कारण निम्म्यांना १२७ काय ते माहीत नव्हतं आणि उरलेल्यांना फार चांगलं माहीत होतं.

तीच गोष्ट ओपन स्पेसची. लेआउट मोठा असला, चार हजार चौरस मीटर आणि वर, की दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. तुमच्या कॉलनीत ती आहे. तिच्यावर मंदिर असेल, नाहीतर कोणाचं तरी शेड, नाहीतर प्लॉटधारकांना माहीतच नाही म्हणून ढोरं बसलेली असतील.

ठरावाचं एक सांगून थांबतो, कारण उभं राहायचा विचार असलेल्यांनी हे ऐकलं पाहिजे. जळगावच्या घरकुल प्रकरणात, म्हणजे पालिकेच्या घरबांधणी योजनेतल्या घोटाळ्यात, ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष कोर्टाने ४८ जणांना दोषी धरलं, त्यात त्या वेळचे नगरसेवक पण होते, पुढं ते अपिलात गेले. त्या केसचं कायदेशीर मी बोलणार नाही, मी वकील नाही. पण सभागृहात हात वर करणं म्हणजे सही करणं आहे. सगळ्यात धोकादायक असतात ते आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने शेवटी येतात, तोवर अर्धे लोक चहाला गेलेले. कळलं नाही तर विरोध करा, आणि विरोध नुसता ओरडून नाही, इतिवृत्तात नावासकट लिहून घ्या आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तो शब्द आहे का ते वाचा. नगरपालिकेचा ठराव चुकीचा वाटला तर नगरपालिका कायद्याच्या कलम ३०८ खाली कलेक्टरकडं जाता येतं, हे पण लक्षात ठेवा.

हां, त्या दादांचा प्रश्न स्वीकृत सदस्याचा, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या नगरसेवकाचा. कायद्याने तो पालिका कारभाराचा अनुभव किंवा विशेष माहिती असलेला माणूस पाहिजे, डॉक्टर, इंजिनियर, वकील, सामाजिक काम करणारा. त्याला बोलता येतं, मत देता येत नाही. प्रत्यक्षात पडलेला उमेदवार आणि नाराज कार्यकर्ता यांची सोय होते, सगळ्या पक्षांत होते. चांगल्या माणसाने निवडणूक न लढता आत यायचा हा एकच दरवाजा होता, तो पण आपण असा वापरला.

आणि ताई तुम्ही विचारताय नकाशा मागितला तर देतील का. देतील. मंजूर डीपी कोणालाही बघता येते आणि फी भरून प्रत मिळते. नगररचना विभागात जाऊन गट नंबर किंवा सर्व्हे नंबर द्या आणि झोन दाखला आणि भाग नकाशा मागा, कॉलनीचं असेल तर मंजूर लेआउटची नक्कल मागा, ओपन स्पेस त्याच्यावर असते. उडवाउडवी केली तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. एकटी जाऊ नका, बचत गटातल्या तिघी-चौघी जा, आणि बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी कराच्या खिडकीवर गर्दी असते आणि आमचा माणूस तिकडं बसवलेला असतो.