व्हर्जिनियाचं निशाण मिनेसोटा परत का देत नाही?

नमस्कार मंडळी.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची राजधानी सेंट पॉल. तिथल्या राज्य इतिहास संस्थेने एक जुनं निशाण जपून ठेवलंय. लाल कापड, त्यावर निळी तिरकी फुली, फुलीत पांढऱ्या चांदण्या. गंमत अशी, की हे निशाण मिनेसोटाचं नाही. ते व्हर्जिनिया या दक्षिणेतल्या राज्याच्या 28 व्या पलटणीचं आहे. व्हर्जिनियाकडून ते पुन्हा पुन्हा मागितलं गेलं. 2013 साली अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईला 150 वर्षं झाली, तेव्हा नुसतं उसनं मागितलं, तरी मिनेसोटाचे तेव्हाचे गव्हर्नर मार्क डेटन यांनी साफ नकार दिला.

मला आधी वाटलं, इतक्या वर्षांनी कसला हा हट्ट? देऊन टाकावं. ती हकिकत नीट वाचली आणि माझं मत बदललं.

[नकाशा]

मिनेसोटा राज्य झालं 1858 साली. 1860 च्या जनगणनेत वस्ती जेमतेम 1 लाख 72 हजार. एप्रिल 1861 मध्ये देशातून फुटलेल्या दक्षिणेच्या बंडखोरांनी फोर्ट समटर हा सरकारी किल्ला घेतला आणि यादवी युद्ध सुरू झालं. तेव्हाचे गव्हर्नर अलेक्झांडर रॅमसे योगायोगाने वॉशिंग्टनमध्येच होते. 14 एप्रिलला ते थेट युद्धमंत्र्यांकडे गेले आणि 1,000 माणसं देऊ केली. राष्ट्राध्यक्ष लिंकनने स्वयंसेवकांची हाक दिली ती दुसऱ्या दिवशी. म्हणजे मागायच्या आधी देणारं पहिलं राज्य हे, तीन वर्षांचं. युद्ध संपेपर्यंत तिथून सुमारे 24,000 माणसं गेली.

त्यातली पहिली पलटण, फर्स्ट मिनेसोटा. 2 जुलै 1863, गेटिसबर्ग, दुसरा दिवस, संध्याकाळ. उत्तरेची एक आख्खी कोअर (हजारो सैनिकांचा मोठा दल) पुढे सरकून उधळली गेली आणि सेमेटरी रिज या टेकडीवरच्या फळीत खिंडार पडलं. समोरून दक्षिणेची अलाबामाची ब्रिगेड चालून येतेय. कुमक वाटेत आहे, पाचेक मिनिटं हवीत. उत्तरेच्या जनरल हॅनकॉकला तिथे दिसले ते फक्त हे 262 जण. त्याने त्यांना समोरच्या फळीवर तुटून पडायला सांगितलं.

या पलटणीचा कर्नल विल्यम कॉल्व्हिल थोड्याच दिवसांपूर्वी अटकेत होता. गुन्हा काय, तर कूच चालू असताना शिपायांना ओढ्यातून न नेता ओंडक्यांवरून जाऊ दिलं! पायदळातल्या माणसाला ओल्या बुटांनी मैलोन्‌मैल चालणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असणार. त्याच कर्नलच्या मागोमाग ते सगळे संगिनी रोखून उतारावरून धावत सुटले.

गेटिसबर्गला त्यांचं स्मारक आहे, 1897 चं. चौथऱ्यावर संगीन रोखून धावणारा एक शिपाई. खाली त्या 262 जणांचा हिशोब कोरलाय: 215 मेले किंवा जखमी झाले, 47 जण रांगेत उभे राहिले, आणि बेपत्ता एकही नाही. हा शेवटचा तपशील वाचताना मी थांबलो. म्हणजे पळालेला कुणीच नव्हता. हॅनकॉकने पुढे कबूल केलं, की सगळे मरणार हे माहीत असतं तरी हाच हुकूम दिला असता. त्याला ती पाच मिनिटं हवी होती, आणि ती मिळाली.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेच्या जनरल पिकेटचा हल्ला आला. उरलेले पुन्हा उभे राहिले. त्या धुमश्चक्रीत मार्शल शर्मन नावाच्या साध्या शिपायाने 28 व्या व्हर्जिनियाचं निशाण हिसकावलं. त्याला मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला, आणि निशाण मिनेसोटाला.

[निशाणाचा फोटो]

हे निशाण ज्या बाजूचं होतं, ती बाजू माणसांना गुलामीत ठेवण्यासाठी लढत होती. उत्तरेचे सगळे शिपाई गुलाम सोडवायला गेले होते असं मी म्हणणार नाही. 1861 साली बरेच जण देश फुटू नये म्हणून गेले. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 चा. पण शेवट गुलामी संपण्यात झाला. त्याचा आवाज पुण्यापर्यंत पोचला: जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना. अर्पणपत्रिका पुन्हा काढून वाचा. मला आता ती वाचताना त्या उतारावरचे 262 जण दिसतात.

मात्र मिनेसोटाची आठवण काढायची तर तिथल्या मॅनकेटो गावाचंही सांगायलाच हवं. याच युद्धाच्या काळात, 1862 मध्ये, करारातले पैसे आणि अन्न वेळेवर न मिळाल्याने उपाशी राहिलेल्या डकोटा या मूळ रहिवासी लोकांनी त्याच राज्यात उठाव केला. मोठा रक्तपात झाला. 26 डिसेंबरला मॅनकेटो गावात 38 डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं. अमेरिकेच्या इतिहासात एका वेळी इतक्यांना फाशी कधीच दिलेली नाही. ज्या राज्याने माणसं मुक्त होण्यासाठी रक्त दिलं, त्याच राज्यात हे घडलं. निशाण जपणाऱ्यांनी हे 38 जणही जपावेत असं मला मनापासून वाटतं.

आणि कॉल्व्हिल? त्या संध्याकाळी तो जबर जखमी झाला, पण वाचला. 1905 साली सेंट पॉलला विधिमंडळाची नवीन इमारत सुरू झाली. जूनमध्ये पलटणींची निशाणं जुन्या इमारतीतून तिथे न्यायची होती. म्हातारा कर्नल त्यासाठी आला, आणि सोहळ्याच्या आधीच झोपेत गेला. निशाणं गेली त्याच इमारतीत आज त्याचा पुतळा उभा आहे.