गालातला स्क्रू

(चिमट्याच्या टोकाला जांभळा दोरा)

‘टाके काढायला यायची गरज नाही, आपोआप विरघळतील,’ असं डॉक्टर सांगतात, ते या दोऱ्याच्या भरवशावर. रंग जांभळा, म्हणजे रक्तामांसात चटकन दिसावा. पूर्वी जनावराच्या आतड्यापासून केलेला कॅटगट वापरत. शरीर तो पचवायचं, पण जखम लालबुंद व्हायची. १९७०च्या सुमारास पॉलिग्लायकॉलिक आम्ल नावाच्या प्लास्टिकचा दोरा आला. त्याला नुसतं पाणी तोडतं. दोन-तीन महिन्यांत मागमूस नाही!

मग वाटणारच, दोऱ्याचं जमलं तर स्क्रूचं का नको?

(ग्रोनिंगेन, नेदरलँड्स)

गालाचं हाड मोडलेले १० रुग्ण. पॉलिलॅक्टिक आम्ल या तशाच विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि स्क्रू बसवले. हाडं छान जुळली, माणसं घरी गेली. तीन वर्षांनी त्यातले चौघे परत आले. जिथे पट्टी बसवली, नेमकी तिथेच सूज. मग उरलेल्या सहा जणांनाही बोलावून घेतलं. १९९३ साली डॉक्टरांनी हे सगळं छापलं.

आत काय होतं? पट्टीचे अवशेष, भोवती तंतूंचं जाड वेष्टन. सूक्ष्मदर्शकाखाली तर पेशींच्या पोटातच स्फटिकासारखे कण.

या प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या कुठे सैल गुंतलेल्या असतात, कुठे घट्ट घडी घातलेल्या. पाणी आधी सैल भागात शिरतं. घड्यांचा चुरा मागे उरतो, वर्षानुवर्षं. मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या भक्षक पेशी, तो गिळतात. पचत तर नाही. मग त्या एकमेकींत मिसळून महाकाय पेशी होतात, आणखी पेशींना हाका मारतात. शेवटी उरणारं लॅक्टिक आम्ल दह्यातलंच, म्हणून सगळे निर्धास्त होते. वाटेतल्या चुऱ्याचा विचार मागे पडला.

हेलसिंकीत घोट्याच्या हाडांत बसवलेल्या पॉलिग्लायकॉलिकच्या स्क्रूंनी इतकी वाट पाहिली नाही. तिथे काही आठवड्यांतच त्वचेला तोंड पडून द्रव वाहू लागलेले रुग्ण दिसले.

(पांढऱ्या पावडरची कुपी, सिरिंज)

आणि ही पावडर. तेच पॉलिलॅक्टिक आम्ल. एचआयव्हीच्या रुग्णांचे खप्पड गाल भरण्यासाठी अमेरिकेत २००४ मध्ये हिला मान्यता मिळाली. कणांभोवती भक्षक पेशी जमतात, त्यांच्या मागोमाग कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीवपणा देणारं प्रथिन, तयार होतं, गाल हळूहळू भरतो. ग्रोनिंगेनमध्ये जी प्रतिक्रिया नको होती, तिचीच सौम्य आवृत्ती इथे मुद्दाम हवी असते.

(सुई गालात शिरते)