चार नकाशे आणि एक मडगार्ड

नासाच्या एका जुन्या फोटोत जे दिसतंय ते चार नकाशे आहेत. चिकटपट्टीने एकमेकांना जोडलेले आणि चंद्रावरच्या गाडीच्या मागच्या चाकावर क्लॅम्प लावून बसवलेले.

डिसेंबर १९७२. नासाची चंद्रमोहीम, अपोलो १७. चंद्रावरच्या टॉरस-लिट्रो खोऱ्यात अंतराळवीर यूजीन सर्नन रोव्हरभोवती, म्हणजे त्या गाडीभोवती, वावरत होते. खिशातला हातोडा मडगार्डला अडकला आणि तुकडाच निघाला. आपल्याकडे असं झालं तर पाठीवर चिखल उडतो, फार तर कपडे धुवावे लागतात. तिथे मात्र वारा नाही, पाणी नाही; धुळीच्या कणांची धार कधी बोथट होतच नाही. काचेच्या चुऱ्यासारखी ती सूटच्या सांध्यांत शिरते, उपकरणांवर बसून त्यांना तापवते. मग पृथ्वीवरून सूचना आल्या आणि सर्नन व त्यांच्या साथीदाराने यानात बसून हे मडगार्ड तयार केलं. जुगाडच म्हणायचा!

यानाबाहेर तीन फेऱ्या, मिळून सुमारे २२ तास. सोबतीला हॅरिसन श्मिट, चंद्रावर गेलेले पहिले भूवैज्ञानिक. यानात शिरलेल्या धुळीने त्यांचं नाक चोंदलं, सर्दी झाल्यासारखं. बाहेर चंद्रावरच्या त्याच धुळीत सर्नननी आपल्या लेकीची आद्याक्षरं बोटाने लिहिली. १४ डिसेंबरला शिडी चढले ते श्मिट यांच्या मागून.

‘चंद्रावरचा शेवटचा माणूस’ हे बिरुद त्यांना कधीच नको होतं. अमेरिकेचा चंद्रावर परतण्याचा कार्यक्रम गुंडाळायची वेळ आली तेव्हा, २०१० साली, सत्तरी ओलांडलेले सर्नन नील आर्मस्ट्राँग यांच्यासोबत अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे जाऊन विरोधात बोलले. १६ जानेवारी २०१७ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी ते गेले. बिरुद तसंच राहिलं.

आता नजर आहे चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे, कधीच ऊन न पोचणाऱ्या विवरांतल्या बर्फाकडे. तिथे अपोलो १७सारखं तीन दिवस राहून भागणार नाही. आणि राहायचं म्हटलं की पुन्हा तीच धूळ! मार्च २०२५ मध्ये चंद्रावर उतरलेल्या ब्लू घोस्ट यानासोबत गेलेल्या नासाच्या एका उपकरणाने विद्युत क्षेत्राच्या जोरावर पृष्ठभागावरची धूळ झटकून दाखवली. चिकटपट्टीपासून इथवर यायला ५२ वर्षं लागली.

अपोलो १७च्या त्याच खोऱ्यात मातीच्या नमुन्यासाठी जमिनीत ठोकलेल्या नळीचा खालचा भाग चंद्रावरच हवाबंद केला होता. पुढे चांगली उपकरणं येतील, तेव्हासाठी राखून. तो उघडला २०२२ मध्ये.

माती जशीच्या तशी होती. ती आणणारे सर्नन तेव्हा नव्हते.