कथा कुणाची, नाव कुणाचं

(दृश्य: कडोली, जानेवारीची सकाळ. ग्रंथदिंडी, पालखीत पुस्तकं, मागे लेझीम खेळणारी पोरं.)

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी. बेळगावच्या आजूबाजूची ही गावं, आणि यातल्या प्रत्येक गावाचं स्वतःचं मराठी साहित्य संमेलन आहे. मंडप गावचा, जेवण गावचं, खुर्च्या उचलणारी पोरंही गावचीच. सकाळी दिंडी, मग अध्यक्षांचं भाषण, दुपारनंतर कथाकथन, शेवटी कविसंमेलन, आणि मधे कुठंतरी सीमाप्रश्न येणारच, तो नाही आला तर बेळगावात संमेलन झालं असं म्हणणार कोण. १९४६ च्या मे महिन्यात अखिल भारतीय संमेलन बेळगावात भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला.

आता गंमत बघा. त्याच १९४६ च्या जुलैमध्ये तिकडं लॉस एंजेलिसला आणखी एक संमेलन भरलं, महायुद्धामुळे मधली चार वर्षं बंद पडलेलं. वर्ल्डकॉन. म्हणजे सायन्स फिक्शन आणि फँटसी वाचणाऱ्यांची जत्रा, पहिली १९३९ ला न्यूयॉर्कमध्ये झाली होती. तिथंही कमिटी म्हणजे हौशी लोकच, पगार कुणाला नाही, राबायचं फुकट आणि वर शिव्या खायच्या. १९५३ पासून हे लोक ह्यूगो पुरस्कार देतात, आणि तो ठरवतं कोण तर मेंबर. पैसे भरा, मेंबर व्हा, मत द्या.

गेल्या काही वर्षांत या ह्यूगोवरनं एवढी भांडणं झालीत की विचारू नका. आम्ही इथं बेळगावच्या टिळकवाडीत आणि खानापूर-निपाणीच्या बाजूला जे थोडेफार विज्ञानकथावाले आहोत, ते सगळं मोबाईलवर वाचत होतो आणि चहावर भांडत होतो. आणि दरवेळी बोलता बोलता गाडी नारळीकरांवर यायची, ती का येते तेच सांगतो.

(दृश्य: निपाणीहून कोल्हापूरकडे जाणारा हायवे, दोन्हीकडे ऊस.)

जयंत नारळीकर जन्मले कोल्हापुरात, १९३८ साली. बेळगावहून निघालं की निपाणी ओलांडून शंभर-सव्वाशे किलोमीटर, आमच्याकडचे लोक दवाखान्याला आणि लग्नाच्या खरेदीला जातात तेच कोल्हापूर. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथेची स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा केंब्रिजहून परत येऊन मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये होते, नाव देशभर झालेलं. त्यांनी नुसतं आपल्या नावानं पाठवलं असतं तर परीक्षकांची पंचाईतच झाली असती की नाही? म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं, ज. वि. ना., उलटी फिरवली आणि नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं. आणि अक्षर ओळखीचं निघेल म्हणून कथा स्वतः लिहून काढली नाही, बायकोकडून, मंगलाताईंकडून लिहून घेतली. कथा होती 'कृष्णविवर'. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

एवढा मोठा माणूस, आणि काळजी कसली तर नाव बघून नंबर मिळू नये याची. २०२१ चं नाशिकचं अखिल भारतीय संमेलन, त्याचे अध्यक्ष हेच जगताप. २० मे २०२५ ला पुण्यात गेले, त्या दिवशी आमच्या ग्रुपवर लोक श्रद्धांजलीपेक्षा हा किस्साच जास्त फॉरवर्ड करत होते.

आता चेंगडूला चला.

२०२३ चं वर्ल्डकॉन चीनमध्ये चेंगडूला झालं, ऑक्टोबरमध्ये. तिथं सायन्स फिक्शनचं वेड प्रचंड आहे, २०१५ ला लिऊ त्सिशिनच्या कादंबरीनं अनुवादातून ह्यूगो जिंकला तेव्हापासून जगाचं लक्षही तिकडं. पुरस्कार झाले, फोटो झाले. नियम असा की नामांकनाची आकडेवारी नंतर जाहीर करायची, ती आली २० जानेवारी २०२४ ला. आणि लोकांनी बघितलं तर काही नावांपुढं नुसतं 'अपात्र'. कारण? कारण काही नाही. आर. एफ. क्वांगची 'बॅबेल' अपात्र, तीच कादंबरी ज्याला त्याच वर्षी लेखकांच्या संघटनेचा नेब्युला मिळालेला! कादंबरीकार शिरान जे झाओ अपात्र. पॉल वाइमर म्हणून अमेरिकेतला फॅन लेखक, पुस्तकांवर लिहितो, पॉडकास्ट करतो, तोही अपात्र.

फेब्रुवारीत ईमेल फुटले. त्यातनं कळलं की ह्यूगोच्या टीममधले काही जण, आणि हे सगळे पाश्चात्त्य बरं का, लेखकांची नावं घेऊन बसले होते आणि कोण चीनबद्दल काय बोललंय, तैवान, तिबेट, हाँगकाँगबद्दल काय लिहिलंय ते शोधून टिपणं काढत होते. कथा कशी आहे याचा त्या टिपणांशी काही संबंध नाही. वाइमरच्या नावावर नोंद होती की हा तिबेटला जाऊन आलाय. तो गेला होता नेपाळला! म्हणजे हेरगिरी करायची तर निदान नकाशा तरी बघा की.

इकडं सीमाभागात आम्हाला हे वाचून फार आश्चर्य वाटलं असं नाही. पाटीवर कुठल्या भाषेचं अक्षर किती मोठं यावरनं जिथं दुकानदाराला नोटीस येते, तिथं माणसाचं नाव बघून काय काय ठरवतात ते समजायला सायन्स फिक्शन लागत नाही. मला जास्त राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा, चीनमधल्या हजारो वाचकांनी हौसेनं मतं दिली होती, त्यांच्या जत्रेवर डाग पडला तो पाहुण्यांच्या उद्योगामुळं. पुढं राजीनामे झाले, माफ्या झाल्या. ज्यांची नावं कापली त्यांना ते वर्ष काय परत मिळालं नाही.

(दृश्य: वाचनालयात मासिकं चाळणारे हात. बाहेर रिक्षांचा आवाज.)

२०२४ चं वर्ल्डकॉन, ग्लासगो. तिथल्या कमिटीनं आधीच सांगितलं की आलेल्या ३,८१३ मतांपैकी ३७७ बाद केलीत. म्हणजे जवळपास दहा टक्के. का, तर मतदारांची नावं. एका रांगेत सगळ्यांचं आडनाव तेच, फक्त पहिलं अक्षर बदललेलं, तेही वर्णमालेच्या क्रमानं. आपल्याकडं कुणी केलं असतं तर काटील, खाटील, गाटील, घाटील असं. आणि दुसऱ्या रांगेत तर नावं म्हणजे ओळीनं आकडे, भाषांतर केलेले, श्री. एकवीस, श्री. बावीस, श्री. तेवीस. इतका आळस? बोगस मतदान आम्हीही ऐकून आहोत, पण त्यात थोडी तरी मेहनत असते.

मतं कुणासाठी होती ते कमिटीनं सांगितलं नाही. ज्याच्यासाठी ती दिली त्याला याची कल्पना होती असा पुरावा नाही, मग उगाच बदनामी कशाला. हे मला आवडलं. चेंगडूत कारण लपवलं होतं, इथं कारण उघड केलं आणि नाव झाकलं.

पण तोवर वेगळीच भानगड सुरू झाली होती. लेखकच नसलेल्या कथा. क्लार्क्सवर्ल्ड नावाचं विज्ञानकथांचं ऑनलाइन मासिक आहे, २०२३ मध्ये शब्दाला १२ सेंट द्यायचं, कथेसाठी हा चांगला दर. चॅटजीपीटी आलं आणि यूट्यूबवर 'घरबसल्या पैसे कमवा' वाले सुरू झाले, मशीनकडून कथा लिहून घ्या आणि पाठवा. २० फेब्रुवारी २०२३ ला संपादक नील क्लार्क यांनी कथा घेणंच तात्पुरतं बंद केलं. आसिमोव्ह्ज मासिकाच्या शीला विल्यम्स यांच्याकडं तर एकाच शीर्षकाच्या वीसेक कथा आल्या. 'शेवटची आशा'. सगळ्यांची शेवटची आशा एकच! ज्या संपादकाला दर महिन्याला नवा पोरगा, नवी पोरगी शोधायची असते त्यानं हा कचरा किती उपसायचा.

आणि मग २०२५ चं वर्ल्डकॉन, सिॲटल. या वेळी मशीनकडं गेली आयोजक मंडळीच. परिसंवादात बोलायला हजारावर लोकांनी अर्ज केले होते, आणि कोण वादग्रस्त आहे का ते तपासायला त्यांची नावं चॅटजीपीटीत टाकली. एप्रिलच्या शेवटी ते बाहेर आलं तेव्हा नुसता गदारोळ, कारण ज्यांची पुस्तकं न विचारता वापरून ही मशीनं शिकलीत असं लेखक म्हणतात, त्याच लेखकांबद्दल त्याच मशीनला विचारायचं! यून हा ली यांनी आपली कादंबरी पुरस्काराच्या यादीतनं मागं घेतली, ह्यूगो सांभाळणाऱ्यांपैकी काही जणांनी राजीनामे दिले, आणि ती तपासणी माणसांकडून परत करावी लागली.

(दृश्य: संमेलनाच्या मांडवाबाहेर पुस्तकांचा स्टॉल, जुने दिवाळी अंक, भजीची गाडी.)

ह्यूगोचा एक नियम आमच्याकडं फार जणांना माहीत नाही. कथा कुठल्याही भाषेतली चालते, आणि इंग्रजी अनुवाद आला की त्या वर्षी पुन्हा संधी मिळते. म्हणजे मराठी कथाही पात्र. पण आपली विज्ञानकथा दिवाळी अंकात येते आणि नंतर रद्दीत जाते, अनुवाद करणार कोण आणि डॉलर भरून मत देणार कोण. २०२६ चं वर्ल्डकॉन ऑगस्टच्या शेवटी अनाहाइमला, लॉस एंजेलिसच्या शेजारी. तिथं मराठी कथा दिसेल अशी काय मला आशा नाही, शेवटची पण नाही.

आमचा वाद सध्या लहान आहे. इकडच्या एका गावात कथास्पर्धा ठेवायची चाललंय आणि कमिटीत दोन गट. एक म्हणतो कथा स्वतःच्या हस्ताक्षरातच मागवा, म्हणजे मशीनवाले गळतील. दुसरा म्हणतो, अरे मशीनची कथा हातानं उतरवून काढायला किती वेळ लागतो, एक दुपार? शिवाय मंगलाताईंच्या अक्षरातली जगतापांची कथा तुमच्या नियमानं पहिल्याच फेरीत बाद झाली असती की!

एका रिटायर्ड मास्तरांनी तोडगा सुचवलाय. नाव वेगळ्या कागदावर, बंद पाकिटात. टाईप करा नाहीतर हातानं लिहा. पहिल्या पाच नंबरवाल्यांना बोलवायचं, चहा द्यायचा आणि परीक्षकांनी विचारायचं, यातला हा माणूस शेवटी घरी परत का आला, दुसरा काय शेवट सुचला होता, कुठलं पान फाडून टाकलं. ज्यानं लिहिलंय तो तासभर बोलत बसेल.

कमिटीनं अजून होय म्हटलेलं नाही. चहाचा खर्च कुणी करायचा यावर अडलंय.