बारा दिवसांत लोकसभा लढता येत नाही

(बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावच्या वाचनालयात तरुण कार्यकर्त्यांपुढं दिलेलं व्याख्यान. शब्दांकन करताना बोलणं शक्यतो तसंच ठेवलंय.)

मागं दाराशी उभं राहिलेल्यांनी पुढं येऊन बसा, सतरंजी मोकळी आहे, आणि बायका भिंतीकडं सरकल्यात त्यांनीपण पुढं या, कारण आज जे बोलणार आहे त्यातलं निम्मं काम तुमच्याशिवाय होत नाही. विषय एकच, लोकसभेला आपला माणूस, म्हणजे हा मराठी सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा माणूस, उभा करायचा तर नेमकं करायचं काय. मी पुढारी नाही. वडगावात राहते, प्रचारात गल्लोगल्ली फिरलेय, मतदार यादी मांडीवर घेऊन रात्री बसलेय, त्यातून जे कळलं ते सांगते.

पहिलं म्हणजे लोकसभाच का? ग्रामपंचायतीला आपण जिंकतो, तिथं पाण्याची लाईन टाकता येते, गटार होतं. खरं राज्यांच्या हद्दी बदलायचा अधिकार घटनेच्या कलम ३ प्रमाणं संसदेकडं आहे. १९५६ ला आपल्याला ज्या कायद्यानं इकडं, आजच्या कर्नाटकात घातलं तो संसदेत झाला, ह्या सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला त्यावर बोलायची जागा तीच, आणि २००४ पासून सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे त्याबद्दल सरकारला उभं करून विचारायचं तर तेही तिथंच. एवढ्या वर्षांत बेळगावच्या जागेवरून समितीचा खासदार एकदाही गेला नाही. आमदार गेले, लोकांनी डोक्यावर घेतलेले आमदार गेले, आणि नंतर २०१८ ला आणि २०२३ ला विधानसभेतही शून्य. हे कडू आहे खरं ते समोर ठेवूनच पुढं बोलायला पाहिजे.

आता १९९६ ची गोष्ट इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्या लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार उभे होते. चारशे छप्पन्न! सीमाप्रश्न सुटत नाही म्हणून गावागावांतनं माणसं अर्ज भरायला गेली, मतपत्रिका म्हणजे पुस्तकासारखी झाली, अख्ख्या देशाच्या पेपरात बेळगावचं नाव आलं. तेव्हा डिपॉझिट होतं ५०० रुपये. त्याच वर्षी तिकडं तामिळनाडूत मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात हजाराच्या वर उमेदवार, आंध्रात नलगोंडाला ४८०, म्हणून मग सरकारनं कायदाच बदलला, डिपॉझिट १०,००० केलं आणि अपक्षाला दहा सूचक लावले. आज ते डिपॉझिट २५,००० आहे. म्हणजे आपल्या गावच्या माणसांनी अर्ज भरले त्याचा परिणाम देशाच्या कायद्यावर झाला, ह्याचा मला अभिमान आहे, ज्यांनी त्या वेळी घरातलं काहीतरी मोडून ते पाचशे भरले असतील त्यांना माझा नमस्कार. २०१९ ला पुन्हा ५७ उमेदवार झाले. एका मशीनवर नोटा, म्हणजे 'यांपैकी कुणीही नको'चं बटण, धरून १६ नावं बसतात, त्यामुळं प्रत्येक बुथवर चार-चार मशीनं लावावी लागली.

खरं तो निषेध होता. निषेध करायचा का जागा लढवायची हे आधी ठरवायला पाहिजे, कारण दोन्हींची तयारी वेगळी. माझं मत स्पष्ट आहे, आता जागा लढवायची.

आणि लढवली तर काय होतं ते २०२१ ला दिसलं. सुरेश अंगडी २००४ पासून सलग चार वेळा इथले खासदार, केंद्रात रेल्वे राज्यमंत्री होते, सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनानं गेले आणि १७ एप्रिल २०२१ ला पोटनिवडणूक लागली. भाजपकडून मंगला अंगडी, काँग्रेसकडून सतीश जारकीहोळी, आणि समितीनं एकच उमेदवार दिला, शुभम शेळके, तरुण पोरगा. निकाल लागला तेव्हा पहिल्या दोघांत फरक ५,२४० मतांचा, आणि शेळकेंना १,१७,१७४ मतं. दोन मोठे पक्ष, त्यांच्या गाड्या, त्यांचे मंत्री, वर कोरोनाची दुसरी लाट, आणि त्यात सव्वा लाखाच्या जवळ माणूस जाऊन ते एक बटण दाबून आला. बघा, डिपॉझिट मात्र वाचलं नाही, कारण ते वाचवायला झालेल्या वैध मतांच्या सहाव्या हिश्शाच्या वर मतं लागतात, म्हणजे तिथं दीड लाखाच्याही पुढं. २०२४ ला तर आपण लाखाच्या जवळपासही नव्हतो. मधल्या तीन वर्षांत त्या सव्वा लाख माणसांकडं पुन्हा कोण गेलं होतं? आपल्या गावापुरतं उत्तर ज्यानं त्यानं द्या.

आता बारा दिवस म्हणजे काय ते सांगते. मान्यताप्राप्त पक्षाचं चिन्ह कायमचं असतं, कमळ, हात, ते भिंतीवर वर्षभर असतंय. आपला उमेदवार अपक्षांत मोडतो, त्याला चिन्ह मिळतं ते अर्ज मागं घ्यायची मुदत संपल्यावर. तिथनं मतदानापर्यंत कायद्यानं किमान १४ दिवस द्यायचे असतात आणि बहुतेक तेवढेच मिळतात, २०२१ ला ३ एप्रिल ते १७ एप्रिल. त्यातले शेवटचे ४८ तास प्रचार बंद. राहिले बारा. बारा दिवसांत अठरा-एकोणीस लाख मतदारांना एक नवीन चित्र शिकवायचं, आणि मशीनवर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणी झालेले पक्ष, सगळ्यात शेवटी अपक्ष, म्हणजे आपलं नाव खालच्या अंगाला कुठंतरी.

किणयेकडं एका घरी गेलो होतो, एप्रिल म्हणजे काजूचा हंगाम, म्हातारी परसात काजूचा ढीग घेऊन बसलेली, बोंडापासनं बी पिळून काढत होती, दोन्ही हात रसानं चिकट. आमच्या पोरानं मोठ्या हौसेनं रंगीत पॅम्प्लेट पुढं केलं, चिन्ह दाखवलं. ती म्हणाली, "बाळा, चित्र मला दिसत नाही, मोतीबिंदू झालाय, तू नंबर सांग, वरनं कितवं बटण? मी बोटानं मोजत जाते." हात पदराला पुसून तिनं तिथंच जमिनीवर वरनं खाली बोट टेकवत मोजून दाखवलं, दोनदा. त्या दिवसापासनं आमच्या गटानं डमी मतपत्रिका पुठ्ठ्यावर चिकटवली आणि प्रत्येक घरात म्हाताऱ्या माणसांकडनं बोटानं मोजून घेतलं. सभेला लागतो तेवढा वेळ ह्यात जातो, खरं एका गल्लीत असं बसून केलं की ती गल्ली पक्की.

आता यादी. इथं मी जरा जास्त बोलणार, कंटाळू नका.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदार यादी फुकट मिळते, आपल्याला स्वतःच मिळवावी लागते. ती मिळवा आणि आपल्या गावचा भाग घेऊन एक-एक नाव वाचा, मोबाईलवर नको, कागदावर, पेन्सिल घेऊन. काय सापडतं? वारलेली माणसं सापडतात. लग्न होऊन गेलेल्या मुली सापडतात. आणि घरात आलेल्या सुना सापडत नाहीत. आपल्या सुना येतात कुठनं? चंदगड, आजरा, गडहिंग्लज, कोल्हापूर. त्यांची नावं तिकडं महाराष्ट्राच्या यादीत, लग्नाला सहा वर्षं झाली, दोन पोरं झाली, रेशनकार्डावर नाव चढलं खरं मतदार यादी तिकडंच. सीमाप्रश्नावर आपण भाषणं करतो आणि आपल्याच घरातली बाई हद्दीच्या पलीकडल्या यादीत! घर बदललं तर फॉर्म ८, पहिल्यांदाच नाव घालायचं तर फॉर्म ६, अर्ज बीएलओकडं, म्हणजे आपल्या बुथची यादी सांभाळणाऱ्या सरकारी माणसाकडं, द्या नाहीतर ऑनलाईन भरा, आणि आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, त्या त्या तारखेला १८ पूर्ण होणाऱ्या पोरापोरींना नाव घालता येतं. हे काम निवडणूक जाहीर झाल्यावर करायला गेलात तर उशीर होतो, हे दोन वर्षं आधीचं काम आहे.

दुसरा पेन्सिलचा शेरा म्हणजे "गोवा" आणि "पुणे". फोंड्याला, म्हापशाला सुतारकामाला, गवंडीकामाला गेलेली पोरं, पुण्याला कंपनीत असलेली पोरं, नाव गावातच आहे. यात्रेला येतात, मतदानाला येत नाहीत. त्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गावातल्याच कुणीतरी आधीपासनं चालवायला पाहिजे, त्यात नुसते स्टेटस आणि रील टाकून भागत नाही, फोन करून विचारायचं की सुट्टी मागितलीस का, कुठल्या गाडीनं येतोस. आणि एक सांभाळा, मतदाराला आणायला गाडी करून देणं कायद्यानं चालत नाही, तो स्वतःच्या पैशानं, स्वतःहून आला पाहिजे. तो येईल असं नातं ठेवणं हेच आपलं काम.

आता जे सांगते ते काहीजणांना आवडणार नाही. बेळगाव लोकसभेत आठ विधानसभा आहेत. बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण, ह्या तीन आपल्या ओळखीच्या. बाकीच्या पाच कुठल्या? गोकाक, अरभावी, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग. तिकडं किती जण प्रचाराला गेलात? खानापूर तर ह्या जागेत नाहीच, ते कारवारकडच्या उत्तर कन्नड लोकसभेला जोडलंय, निपाणी चिकोडीला. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातलाच मराठी माणूस तीन लोकसभांत वाटला गेलाय आणि कुठल्याही एका जागी निव्वळ मराठी मतावर खासदार होत नाही. हे गणित रागावून बदलत नाही.

मग सौंदत्तीच्या शेतकऱ्याकडं जायचं, कन्नडमधनं छापलेलं पत्रक घेऊन, आणि कन्नडमधनं बोलायचं. आपल्या पोरांना कन्नड येतं की वो! बाजारात बोलता, मोंढ्यात बोलता, कामावर बोलता, मग प्रचारात का नाही? मलप्रभा आपल्या कणकुंबीत उगम पावते आणि तिकडं सौंदत्तीला नवलतीर्थच्या धरणात अडते, खालच्या सौंदत्ती-रामदुर्गच्या रानांना ते पाणी लागतं, म्हादई नदीचं पाणी कळसा-भांडुरा नाल्यांतनं मलप्रभेत वळवायचं राजकारण कितीतरी वर्षं चाललंय. आपल्या उमेदवाराला त्यावर चार वाक्यं सरळ बोलता आली पाहिजेत, आपल्या खानापूरच्या जंगलाचं काय आणि त्यांच्या शेताचं काय, दोन्हीकडं तेच बोलता आलं पाहिजे. ऊसबिलं थकतात ती मराठी शेतकऱ्याचीही थकतात आणि कन्नड शेतकऱ्याचीही. शेतकरी चळवळीतनं आलेले बाबागौडा पाटील १९९८ ला ह्याच जागेवरनं निवडून आले, पक्षाचं तिकीट होतं हे खरं, तरी चळवळीतला माणूस ह्या जागेवर चालतो हे तेव्हा दिसलंय. आपला प्रश्न आपण लपवायचा नाही. मी तिकडं गेले तेव्हा पहिल्यांदा सांगितलं की आम्ही समितीचे, सीमाप्रश्नावर आमचं मत हे आहे, आता तुमच्या उसाचं बोलूया. एकानं हाकललं. दुसऱ्यानं पाणी दिलं आणि तासभर बसवून घेतलं.

बुथ एजंटचं थोडक्यात. ह्या जागेत बुथ दोन हजारांच्या घरात आहेत. जिथं आपला एजंट नाही तिथं आपल्या डोळ्यादेखत काहीच होत नाही. सकाळी मतदानाआधी मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, असतं, त्याला वेळेत हजर राहायचं, आणि संध्याकाळी मशीन सील झाल्यावर फॉर्म १७-सी ची कॉपी सही करून घेतल्याशिवाय उठायचं नाही, त्यावर एकूण किती मतं पडली तो आकडा असतो आणि काउंटिंगला तोच ताडून बघायचा. तहान-भूक लागते, घरचे फोन करतात, खरं उठायचं नाही.

पैशाचं विचारलं मगाशी कुणीतरी. खर्चाची मर्यादा ९५ लाख आहे, आपल्याला तिथपर्यंत जायची गरज नाही आणि ऐपतही नाही. वर्गणी गावानं काढावी, अर्ज भरायच्या आधी उमेदवाराच्या नावावर वेगळं बँक खातं उघडायचं, रोजचा हिशेब रजिस्टरला, चहा, खुर्च्या, मंडप सगळं, निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षं निवडणुकीला उभं राहता येत नाही अशी बंदी येऊ शकते. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजेच. हे काम कॉमर्स शिकलेल्या एखाद्या पोरीकडं द्या, चोख करते.

आणि बायकांचं. घरी जाऊन चुलीपर्यंत पोचणारी माणसं तुम्हीच आहात. पुरुष कार्यकर्ता कट्ट्यावर थांबतो, घरातल्या चार मतांपैकी एकाशी बोलतो आणि चार लिहून मोकळा होतो. बचत गटाच्या बैठकीत जी सून बोलते तिला आतलं सगळं माहीत असतं, कुणाचं नाव नाही, कोण माहेरी गेलीय, कोण कुणावर नाराज आहे. बुथ समितीत निम्म्या बायका नसतील तर ती समिती मी तरी धरत नाही. नुसती नावं लिहून नको, बैठकीला यायला पाहिजे, एजंट म्हणून बसायला पाहिजे.

आपल्या गावच्या भागांच्या याद्या छापून तिथं टेबलावर ठेवल्यात, पेन्सिलीपण आहेत. प्रत्येकानं आपल्या गल्लीची पानं घ्या, सुनांची नावं आधी बघा, आणि पुढच्या रविवारी इथंच बसून फॉर्म भरायला घेऊया. ज्यांना कन्नड लिहिता येतं त्यांनी जाताना मला भेटा.