स्वॅलोटेल फुलपाखरे: अळीचे पान आणि पंखांचे रंग

श्रोतेहो, कुंडीतल्या कढीपत्त्याची कोवळी पाने कुणीतरी कुरतडून टाकल्याची तक्रार आपल्यापैकी अनेकांनी केली असेल. पुढच्या वेळी ती पाने नीट न्याहाळलीत, तर एखाद्या पानावर पक्ष्याची ताजी शीट पडावी तसा काळपट-पांढरा, ओलसर ठिपका आढळेल आणि थोडा वेळ थांबलात तर तो ठिपका चालू लागेल. स्वॅलोटेल, म्हणजेच पॅपिलिओनिडी, या कुळाची ओळख मी नेहमी या अळीपासून करून देतो, कारण या फुलपाखरांच्या पंखांवरचे रंग समजून घ्यायचे तर ती लहानपणी काय खात होती, हे आधी विचारावे लागते.

जगभरात या कुळाच्या ५५० हून अधिक प्रजाती असून भारतात त्यांची संख्या शंभराच्या घरात आहे. ‘स्वॅलोटेल’ हे नाव मागच्या पंखांना असलेल्या शेपटीवरून पडले खरे. परंतु कढीपत्ता आणि लिंबावर हमखास दिसणाऱ्या लिंबू फुलपाखराला शेपटी नसते आणि महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेल्या ब्लू मॉरमॉनलाही ती नसते. या कुळाची खरी खूण अळीच्या मानेत दडलेली आहे.

गवताच्या काडीने अळीला मानेजवळ हलकेच डिवचले, की ती अंगाचा पुढचा भाग मागे झुकवते आणि डोक्यामागच्या फटीतून नारिंगी किंवा लालसर रंगाचे, दोन टोकांचे एक मऊ शिंग सरकन बाहेर येते. त्याबरोबर उग्र वास सुटतो, आणि धोका टळला असे वाटताच ते शिंग आत ओढून घेतले जाते. ऑस्मेटेरियम नावाचा हा अवयव फुलपाखरांच्या दुसऱ्या कोणत्याही कुळात नाही. मुंग्या आणि कोळ्यांसारख्या लहान शत्रूंना दूर ठेवण्यास तो उपयोगी पडतो. पुढे अळी बोटाएवढी जाड झाली, की शिटेचे सोंग निभणार नाही हे उघडच आहे, कारण एवढी मोठी शीट कोणत्या चिमणीची असणार! शेवटच्या टप्प्यात ती कात टाकून पानासारखी हिरवीगार होते आणि तिच्या फुगीर खांद्यांवर डोळ्यांसारखे ठिपके उमटतात.

याच कुळातील दुसऱ्या एका गटाची अळी मात्र लपण्याची खटपट करत नाही. कॉमन रोझ, क्रिमसन रोझ आणि सह्याद्रीतले भले मोठे सदर्न बर्डविंग यांच्या अळ्या ईश्वरी, म्हणजेच सापसण, या वेलावर आणि त्याच्या जातभाईंवर वाढतात. या वेलांतील विषारी द्रव्ये अळीच्या शरीरात साठतात आणि कोषातून बाहेर पडणाऱ्या फुलपाखरातही उतरतात. रोझ फुलपाखरांचे अंग लालभडक असते, उडणे संथ आणि निर्धास्त असते, आणि एकदा चव घेतलेला पक्षी तो लाल रंग सहसा विसरत नाही.

या भीतीचा फायदा कॉमन मॉरमॉन उठवते. तिची अळी लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते, त्यामुळे अंगात ईश्वरीचे विष नसते. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेला. मादीची मात्र तीन रूपे आढळतात. एक नरासारखे, दुसरे कॉमन रोझसारखे आणि तिसरे क्रिमसन रोझसारखे. एका नराला अशा निरनिराळ्या माद्या, म्हणून बहुपत्नीत्वासाठी ओळखल्या गेलेल्या अमेरिकी पंथाचे नाव या फुलपाखराला मिळाले. फसवणूक इतकी बेमालूम होती, की १७५८ साली सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने नराला आणि रोझसारख्या मादीला दोन वेगळ्या प्रजाती समजून वेगवेगळी नावे दिली होती. मादीचे हे रूपांतर कसे घडते, याचे उत्तर फुलपाखरांचे अभ्यासक डॉ. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दिले: कीटकांत नर-मादी भेद घडवणारे ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक पंखांवरची ही सारी नक्षी ठरवते.

मला सर्वांत बोलका वाटतो तो या रूपांचा भूगोल. क्रिमसन रोझ मुख्यतः भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आढळते, आणि तिची नक्कल करणारी मॉरमॉन मादीही त्याच मुलखात सापडते. ज्याला अस्सल ठाऊकच नाही, त्या पक्ष्यापुढे नकलेचा उपयोग काय? घाणेरीच्या फुलांवर लाल ठिपक्यांचे काळे फुलपाखरू बसलेले दिसले, तर आपण पंखांकडे पाहू नका, पोट पाहा. रोझचे पोट लाल असते, मॉरमॉनचे काळेच राहते. तेही दिसले नाही, तर एक पाऊल पुढे टाका. रोझ आपल्याच संथ चालीने निघून जाईल आणि मॉरमॉन घाबरून सोंग विसरेल व वेडीवाकडी भरारी घेऊन नाहीशी होईल.